सतरंजीवरची धडपड

रांजणगाव शेणपुंजीच्या अंगणवाडीत सकाळचे अकरा वाजलेत. सतरंजीवर पाच महिन्यांचा एक गडी पालथा पडून ठणाणा करतोय. झबलं वर सरकलंय, कपाळ सतरंजीत रुतलंय, दोन्ही मुठी छातीखाली अडकल्यात. शेजारी बसलेल्या आजीचा जीव खालीवर होतोय.

“उचला की माय त्याला! पोट दाबायलंय लेकराचं.”

सेविकाताई उचलत नाहीत. पदर खोचतात आणि सगळ्यांदेखत स्वतःच त्याच्यासमोर पालथ्या पडतात, हनुवटी सतरंजीला टेकवून. बायकांमध्ये हसू फुटतं. ताईंच्या हातात स्टीलची वाटी आणि चमचा. टण्. भोकाड मध्येच तुटतं. टण्, टण्. टोपरं हलतं, डोकं चार बोटं वर येतं, मान लटपटते आणि वीतभर अंतरावर त्याला एक हसरा चेहरा दिसतो. दोन-तीन श्वास तो डोकं तसंच धरून ठेवतो. मग नाक सतरंजीवर आपटतं आणि पुन्हा सूर लागतो.

“रडू द्या थोडं,” ताई आडव्या पडल्यापडल्या म्हणतात. “पण हात कुठं आलाय बघा.”

उजवी मूठ छातीखालून सुटून बाहेर आलीय. ती त्याने स्वतः सोडवलीय, कुणी ओढून काढलेली नाही. पुढच्या खेपेला डोकं जरा जास्त वेळ वर राहतं, कारण आता एका बाजूने कोपराचा टेकू आहे. रडण्यात आता तक्रार जास्त आहे, घाबरणं कमी. तिसऱ्या खेपेला तो वाटीकडे बघतो, ताईंकडे बघतो आणि लाळेचा एक मोठा फुगा करतो. तोंड वाकडं व्हायला लागताच ताई त्याला उचलून आजीच्या मांडीवर देतात. सगळं मिळून तीन-चार मिनिटांचा मामला. आजी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहते, जणू तो कुस्ती खेळून आलाय.

हे गाव वाळूज औद्योगिक वसाहतीला लागून आहे. बजाज ऑटोचा कारखाना वाळूजला १९८५ साली सुरू झाला, त्यामागून सुटे भाग बनवणारे कारखाने आले आणि कामाला माणसं आली जालना, बीड, परभणी, हिंगोलीकडून. मूळ गाव आता भाड्याच्या खोल्यांच्या रांगांमध्ये शोधावं लागतं. एका खोलीत एक संसार. इथे जमलेल्या बायकांच्या बोलण्यात नवऱ्याची ओळख नावाआधी शिफ्टवरून होते: फर्स्टवाला, सेकंडवाला, नाईटवाला.

आज पालक मेळावा आहे. सेवाग्रामची महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था, युनिसेफ आणि राज्याची एकात्मिक बाल विकास सेवा योजना यांनी मिळून ‘आरंभ’ नावाचा उपक्रम आखला. तो आधी औरंगाबाद आणि यवतमाळ या दोन जिल्ह्यांत रुजवला गेला. शून्य ते तीन वर्षांच्या मुलांशी बोला, खेळा, त्यांना प्रतिसाद द्या, हे आईबापांना समजावण्याचं काम त्यात अंगणवाडी सेविकांवर आलं. वजनकाटा, पोषण आहार आणि मोबाइलमधल्या नोंदी यांच्या जोडीला हे आणखी एक. ताईंनी मात्र ते मनापासून अंगाला लावून घेतलेलं दिसतंय. खोलीच्या एका कोपऱ्यात बाटल्यांची झाकणं, दुसऱ्यात डाळी भरलेल्या डब्या, आणि मधली सगळी जमीन मोकळी. टेबल-खुर्ची त्यांनी ओट्यावर काढून ठेवलीय. साहेब आले तर त्यांना उन्हात बसावं लागेल.

“पण झोपेत पालथं पडलं तर गुदमरंल ना,” आजी मूळ मुद्दा सोडत नाही.

“बरोबर बोलल्या. झोपताना पाठीवर. जागं असताना पोटावर, अन् आपण समोर.”

एवढ्या तीन तुकड्यांत सगळं आलं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली हेच लिहिलंय: न रांगणाऱ्या बाळाला जागेपणी दिवसभरात मिळून निदान ३० मिनिटं पोटावर ठेवावं आणि एका वेळी तासाहून जास्त वेळ कुठे जखडून ठेवू नये. मान, खांदे, पाठ यांच्यासाठी हे हवंच. पण मी बघतेय ते त्या तीन-चार मिनिटांतलं दुसरं काही. गैरसोय झाली, राग आला, अंग हलवलं, गैरसोय थोडी कमी झाली. आणि हे सगळं होत असताना एक माणूस समोर होतं. पाच महिन्यांच्या जिवाला ‘धीर’ म्हणजे काय ते सांगायचं तर याहून सोप्या भाषेत कसं सांगणार?

दाराशी वाळे वाजतात. नऊ महिन्यांची एक मुलगी, डोळ्यांत गच्च काजळ, गालावर तीट, रांगत उंबरठ्यापर्यंत पोचलीय. तिथे ती थांबते, बसते आणि मान वळवून खोलीभर नजर फिरवते. आई तिसऱ्या रांगेत शेजारणीशी पाण्याच्या टँकरबद्दल बोलतेय. मुलीला घाई नाही. ती बघत राहते. आईचं लक्ष जातं, भुवया वर जातात, “काय गं?” एवढंच. पुरे झालं. मुलगी वळते, एक हात उंबरठ्यापलीकडे टाकते, ओट्यावरचा खडा उचलून तोंडात घालायला बघते. मदतनीस मावशी तो काढून घेतात. मुलगी रागाने किंचाळते, भरधाव माघारी रांगत येऊन आईच्या गुडघ्यावर कपाळ आपटते, अर्ध्या मिनिटात शांत होते आणि पुन्हा दाराच्या दिशेला लागते.

हा असा येजा करणारा खेळ मेरी एन्सवर्थ या बाईंनी १९५४-५५ साली युगांडात बघितला होता. कंपालाजवळच्या खेड्यांमधली २६ घरं, कुडाच्या भिंती, जमिनीवर मोकळी सोडलेली बाळं. आई बसलेली असते, बाळ तिच्यापासून लांब जातं, वळून बघतं, परत येतं, पुन्हा जातं. १९६७ साली त्यांनी त्यावर पुस्तक लिहिलं आणि आई-बाळाच्या नात्याच्या अभ्यासात आजही त्याच निरीक्षणाचा पाया धरला जातो. जवळीक म्हणजे कडेवर चिकटून असणं, असं आपण समजतो. पण बाळाला लांब जाता आलं तरच त्याला परत येता येईल. पाय फुटल्याशिवाय ही परीक्षाच घेता येत नाही.

लांब जाण्यासोबत भांडणंही येतात. उंबरठ्यावरच्या या मुलीची आई सांगते, “पहिले लई गरीब होती. रांगायला लागली अन् लईच हट्टी झाली. नाही म्हनलं की अंग टाकून देती.” बाकीच्या बायका माना डोलावतात. कॅलिफोर्नियातल्या जोसेफ कँपोस यांनी अशाच बाळांच्या आईवडिलांशी बोलून १९९२ साली नोंदवलंय की बाळ रांगायला लागलं की घराचं तापमान बदलतं. बाळाचा राग वाढतो, तसं येऊन बिलगणंही वाढतं. आईबापांच्या तोंडी “नको”, “हात लावू नको” येऊ लागतं. आणि बाळ त्यांच्या तोंडाकडे बघून काय चाललंय याचा अंदाज घ्यायला शिकतं. रांजणगावच्या आईने याला ‘हट्टी’ म्हटलं. मला वाटतं तिचं म्हणणं जास्त नेमकं आहे. इच्छा आहे, पोचायची ताकद आहे आणि मध्ये कुणीतरी आडवं येतंय, हा अनुभव कडेवरच्या बाळाला कुठून येणार? राग येणं आणि तो ओसरणं, दोन्ही जमिनीवरच सुरू होतं.

भीतीचंही तसंच. ही मुलगी ओट्याच्या कडेला गेली तर खाली दोन पायऱ्या आहेत. ताई सांगतात, रांगायला लागल्यावर पहिले काही दिवस ती सरळ हवेत हात टाकायची. आता कडेला थबकते. उंचीची भीती आपण पोटातून घेऊन येतो असं वाटतं खरं. १९६० साली एलेनॉर गिब्सन आणि रिचर्ड वॉक यांनी काचेच्या टेबलाचा प्रयोग प्रसिद्ध केला: अर्ध्या भागात काचेखाली लगेच पाट, अर्ध्या भागात काचेखाली खोल पोकळी. रांगणारी बहुतेक बाळं खोल बाजूला जायला तयार झाली नाहीत. पुढे कँपोस आणि सहकाऱ्यांनी न रांगणाऱ्या बाळांना अलगद त्या खोल बाजूवर उतरवून बघितलं, तर त्यांच्या हृदयाचे ठोके वाढले नाहीत. त्याच वयाच्या, पण रांगायला लागलेल्या बाळांचे वाढले. म्हणजे कडेला थबकणंसुद्धा गुडघे झिजवून मिळवावं लागतं.

आणि थबकल्यावर? तिथे पुन्हा आईचं तोंड. १९८५ सालच्या एका प्रयोगात काचेखालचा खड्डा मुद्दाम ३० सेंटिमीटरच ठेवला, ना धड खोल, ना धड उथळ. वर्षाची बाळं कडेपाशी येऊन थांबली आणि त्यांनी पलीकडे उभ्या आईकडे बघितलं. आईने हसरा चेहरा केला तेव्हा १९ पैकी १४ बाळं पार गेली. आईने घाबरलेला चेहरा केला तेव्हा १७ पैकी एकही गेलं नाही. कुणीही एक शब्द बोललं नव्हतं.

आपल्या खोलीतला प्रयोग इतका शांततेत होत नाही. तेरा महिन्यांचा एक पैलवान नुकताच चालायला लागलाय. हात वर, पोट पुढे, पाय फाकलेले, दुडदुडत सहा पावलं आणि धप्प. बुडावर. तो काही म्हणायच्या आत खोलीतून एकच गलका उठतो.

“अगं बाई गं!”

“लागलं का माझ्या बाळाला?”

पैलवान चारी दिशांना बघतो. सगळ्या चेहऱ्यांवर मोठं संकट. मग तोही हादरतो आणि गळा काढतो. त्याची आजी लगबगीने येते, त्याला पोटाशी धरते आणि जमिनीवर फाडफाड चापट्या मारते. “हात् मेले! माझ्या राजाला पाडती व्हय!” फरशीला शिक्षा झाल्यावर पैलवानाचं समाधान होतं. आपल्याकडच्या किती पिढ्या असा न्याय बघत मोठ्या झाल्या असतील कोण जाणे. पुढे कचेरीत आणि संसारात जमिनीला चापट मारणारी माणसं भेटतात तेव्हा मला या आज्यांची आठवण येते, पण ते जाऊ दे. आजीचा हात पाठीवर होता हेही खरं आणि मोलाचं तेच आहे.

ताई डोळे मिचकावतात. “आता सगळ्याजणी ऐका. पुन्हा पडला की मनात पाच म्हणायचं. तोंडाने एक शब्द नाही. डोकं आपटलं, रक्त आलं तर गोष्ट वेगळी, तवा मीच आधी पळंन.”

पैलवानाला खाली सोडलं जातं. चार पावलं, धप्प. आता खोलीत चिडीचूप. दोघी-तिघींनी पदर तोंडात कोंबलाय. तो एकीकडे बघतो, दुसरीकडे बघतो, आईकडे जरा जास्त वेळ बघतो. आई हातातली डबी खुळखुळवते. तो दोन्ही तळवे जमिनीला टेकतो, बूड वर करतो, डुलतो, उभा राहतो आणि हाताला लागलेलं डाळीचं टरफल तपासत पुढे निघतो. खोलीत इतका हशा पिकतो की त्या हशानेच तो दचकून पुन्हा बसतो.

न्यूयॉर्क विद्यापीठात कॅरन अडॉल्फ या बाई अशीच पडणारी मुलं मोजतात. १२ ते १९ महिन्यांची मुलं मोकळी खेळत असताना तासाला सरासरी २३६८ पावलं टाकतात आणि १७ वेळा पडतात, हा त्यांचा २०१२ सालचा हिशेब. तासाला १७. एवढ्या वेळा पडणारं माणूस प्रत्येकदा रडत बसलं असतं तर मानवजात अजून रांगतच असती. मूल पडतं, बरंचसं न रडता उठतं आणि लगेच चालतं. छोटी छोटी फजिती, छोटी छोटी सावरासावर, दिवसातून कितीतरी वेळा, कुणी शिकवलेली नसताना. पुढे येणाऱ्या मोठ्या फजितींना लागणारी सवय इथे लागत असावी असं मानायला मन धजावतं. त्यापुढे जाऊन ‘रांगलं म्हणजे खचणार नाही’ असलं वचन कुणी देत असेल तर त्याच्या हातात विकायला काहीतरी आहे असं खुशाल समजावं. लसीसारखं हे टोचता येत नाही.

मागच्या रांगेतून एक आवाज येतो, जवळजवळ रागावलेला. “ताई, चेहरा हसरा ठेवा म्हनता. मला रात्रभर झोप नाही. हे पडलं की मलाच रडू येतं.”

तिच्या मांडीवर आठ-नऊ महिन्यांचं मूल आहे. केस विंचरलेले नाहीत. ताई ‘पाच म्हणा’ची गंमत सोडतात, उठतात आणि तिच्या शेजारी जाऊन बसतात. मूल आपल्या मांडीवर घेतात. “तुला नाही जमलं तर घरात अजून कुणाचं तोंड आहे?” “सासू गावाकडं.” “मंग उद्यापासून दुपारी इथं येऊन बसायचं. लेकराकडं मावशी बघतील, तू नुसती पड.” मदतनीस मावशी मान हलवतात. या मोठमोठ्या प्रयोगांत आईचा चेहरा हे एक बटण असल्यासारखं वाटतं, हवा तसा दाबावा. त्या चेहऱ्यामागे बाळंतपण, झोप, पैसे, नवऱ्याची पाळी असं काय काय असतं. बाळाच्या मनाची सगळी जबाबदारी आईच्या ओठांच्या कोपऱ्यांवर टाकणारा सल्ला मला तरी नकोसा वाटतो.

मेळावा संपत आलाय तरी एक आई हलत नाही. तिचा मुलगा चौदा महिन्यांचा, घाटी रुग्णालयात जन्मलेला, दिवस भरण्याआधी. त्याच्या बरोबरीची चाळीतली मुलं चालतात, हा धरून उभाही राहत नाही. रांगलाच नाही म्हणते, बुडावर घसरतो. घसरण्याचं ताईंना काही वाटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांतल्या मुलांची पाहणी केली, त्यात भारतही होता; सुमारे ४ टक्के मुलं हातागुडघ्यांवर रांगलीच नाहीत आणि तरी चालली. आधार न घेता चालायला कुणी सव्वाआठ महिन्यांत लागलं, कुणाला साडेसतरा महिने लागले. त्यात आधी जन्मलेल्याचे कमी पडलेले दिवस वजा धरायचे असतात. पण ताईंची नजर मुलाच्या डाव्या हातावर आहे. ती मूठ सगळा वेळ मिटलेली. डबी पुढे केली की तो उजव्यानेच घेतो. डाव्या बाजूने दिली तरी उजवा हात ओलांडून येतो.

“हे डॉक्टरला दाखवायचं,” ताई हळू आवाजात, पण सरळ सांगतात. “घाबरायचं नाही, थांबायचंही नाही.” राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी येते त्या दिवसाची वाट बघू नका, उद्याच जाऊ, असंही म्हणतात. तो कार्यक्रम २०१३ साली आपल्याच पालघरला सुरू झाला, नेमका अशा मुलांना लवकर हुडकण्यासाठी. आई विचारते, मग तोवर घरी याला उचलूनच ठेवू का? ताई डबी त्याच्यापासून हातभर लांब ठेवतात. तो बुडावर घसरत, वाकडातिकडा, डबीपर्यंत येतो. ती हाताला लागताच आईकडे बघून असा ओरडतो की उत्तर द्यायची गरज उरत नाही.

दुपारी मी ताईंबरोबर गृहभेटीला निघते. मेळाव्याला न आलेलं एक घर आहे, चार गल्ल्या सोडून. ऊन रणरणतंय. खोल्यांच्या रांगेसमोर पाण्याचे निळे पिंप, त्यावर वाळत घातलेली दुपटी. दार अर्धं लोटलेलं. ताई बोट ओठांवर ठेवून आत शिरतात.

दहा बाय दहाची खोली. जमिनीवर चटई टाकून नाईटवाला नवरा झोपलाय, तोंडावर टॉवेल. त्याच्या पायाशी पत्र्याची पेटी, भिंतीला भांड्यांची मांडणी, कोपऱ्यात जमिनीवरच गॅसची शेगडी आणि तिच्यावर भाताचं पातेलं. छताच्या हुकाला साडीची झोळी. झोळीत आठ महिन्यांचं बाळ टक्क जागं. आई लसूण सोलतेय. झोळीची दोरी तिच्या पायाच्या अंगठ्याला बांधलेली, पाय आपोआप हलतोय. उरलेल्या जागेत एक गुलाबी प्लास्टिकचा वॉकर.

इतका वेळ अंगणवाडीत ‘जमिनीवर सोडा’ ऐकून आलेल्या मला इथे जमीन दिसतच नाही. आहे ती माणसाने व्यापलीय आणि तो माणूस रात्रभर प्रेसवर उभा राहून आलाय. त्याची झोप मोडली तर रात्री बोटं जातील. बाळ खाली सोडलं तर एकतर बापाच्या तोंडावर चढणार नाहीतर शेगडीकडे जाणार. आई अडाणी म्हणून झोळीत ठेवते असं कुणी म्हणत असेल तर त्याने इथे येऊन पाच मिनिटं उभं राहून दाखवावं. बसायलाही जागा नाही.

“सकाळी झोळीत, सैपाकाला वॉकरमध्ये,” आई कुजबुजते. “संध्याकाळी हे ड्युटीला गेले की खाली. तवर ते पेंगायला लागतंय.”

वॉकर तिने धास्तीपोटी आणलाय: त्यात घातलं की शेगडीपासून लांब राहील म्हणून. खरं तर त्यात बसून बाळ नुसत्या बोटांच्या टोकांनी रेटा देत क्षणात शेगडीवर पोचतं, जे रांगत जाताना त्याला जमलं नसतं. याच वेगामुळे आणि जिन्यांवरून घडलेल्या अपघातांमुळे कॅनडाने २००४ साली वॉकरच्या विक्रीवर बंदी घातली. शिवाय त्यात पडायला होत नाही. सगळ्या बाजूंनी गादीचं कडं. आपला जुना लाकडी पांगुळगाडा बरा. त्याला धरून उभं राहायची ताकद आधी बाळात यावी लागते आणि हात सुटला की बाळ खाली बसतं.

ताई यातलं काहीच बोलत नाहीत. विचारतात, “हे किती वाजता उठतेत?”

“तीनला.”

पावणेतीन झालेत. आम्ही बाहेर घरमालकाच्या ओट्यावर टेकतो. ताई ओटा वितीने मोजतात, झाडून घेतात, शेजारणीकडून वाकळ मागून आणतात. झोळीतून बाळ बाहेर येतं आणि वाकळीवर पालथं ठेवताच त्याच्या अंगात वारं संचारतं. हात पुढे फेकतं, पोट ओढतं, पाय मागे झाडतं, आणि पुढे जायच्या ऐवजी गरागरा जागच्या जागी फिरतं. पुढे ठेवलेली वाटी क्षणोक्षणी मागे जातेय. ते वैतागतं, हाताच्या मुठी वाकळीवर आपटतं, आईकडे बघतं. आई सवयीने उचलायला हात पुढे करते, मध्येच थांबते आणि म्हणते, “ये ना, ये.” बाळ पुन्हा झटतं. पोट एक वीतभर सरकतं. समोरच्या खोलीतली उर्दू बोलणारी नानी दारात बसून सगळं बघतेय, तिथूनच ओरडते, “अरे वा रे मेरा शेर! आने दो आने दो!” शेर त्या आवाजाकडे बघण्यात वाटी विसरतो.

तीन वाजता बाप डोळे चोळत बाहेर येतो. परकी माणसं बघून शर्ट घालायला वळतो. ताई त्याला तसाच ओट्यावर उताणा निजवतात, म्हणजे निज म्हणून सांगतात आणि तो ऐकतो, आणि बाळ त्याच्या छातीवर पालथं टाकतात. हेही चालतं, त्या सांगतात. जमीन नसली तर बापाची छाती. बाळ दोन्ही तळहात त्याच्या गळ्याखाली रोवून मान उंच करतं आणि वरून त्याच्या तोंडाकडे बघतं. बाप हनुवटी खाली ओढून बाळाकडे बघतो. लाळ सरळ त्याच्या ओठांवर पडते. “अरे यार,” म्हणतो आणि पुसतही नाही.

“रोज उठल्यावर एवढंच. अर्धा तास,” ताई म्हणतात.

“आणि ते?” तो खोलीतल्या गुलाबी वस्तूकडे बोट दाखवतो. “बाराशेला आणलाय.”

“भंगारात द्या,” ताई.

“बाराशेला,” तो पुन्हा म्हणतो.

आई आत जाते, वॉकर उलटा करते, चाकं वर, आणि शेगडी आणि उरलेली खोली यांच्यामध्ये आडवा टाकते. भिंतीपासून मांडणीपर्यंतची जागा त्याने बरोब्बर अडते. आम्ही सगळे दारातून डोकावून बघतो. ताई आत जाऊन पायाने ढकलून बघतात. वॉकर सरकतो.

“हे लेकरू महिनाभरात ढकलून देईल,” त्या म्हणतात. “मांडणीच्या पायाला बांधा. अन् चाकं आधी काढून घ्या, तोंडात घालतंय.”

बाप बाळाला नानीच्या मांडीवर देतो आणि पाना शोधायला पेटी उघडतो.